‘या मुलाला शाळेत घेता येणार नाही’

माझी आत्येबहीण न्यू जर्सीत असते. तिच्या सात वर्षांच्या मुलाला बोलायला अडचण येते. गेल्या महिन्यात तिथल्या सरकारी शाळेनं तिला मीटिंगला बोलावलं आणि सोबत एक लांबलचक पत्रक पाठवलं, पालकांचे हक्क सांगणारं. ताई घाबरली. फोनवर म्हणाली, “अरे, शाळेतून बोलावणं आलं की तक्रारच असणार असं वाटतं आपल्याला. आणि यात तर सुनावणी, अपील, कोर्ट असलं काय काय लिहिलंय!”

ते पत्रक मी मागवून घेतलं. वाचताना लक्षात आलं, यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुणीतरी भांडून मिळवलेली आहे. आजचा भाग त्या भांडणाचा.

१९७० च्या आसपास पेनसिल्व्हेनिया राज्यात एक कायदा होता. ज्या मुलाचं ‘मानसिक वय’ पाच वर्षांचं झालेलं नाही, त्याला पहिलीत प्रवेश नाकारायची शाळेला मुभा होती. म्हणजे बघा, ज्याला शिकवण्याची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच दारातून परत पाठवायचं. अशा मुलांच्या पालकांची एक संघटना होती, ‘पार्क’ नावाची. १९७१ मध्ये ती थेट राज्य सरकारविरुद्ध कोर्टात गेली. त्यांचे वकील थॉमस गिलहूल. त्यांचा स्वतःचा भाऊ एका मोठ्या सरकारी संस्थेत राहिलेला होता, त्यामुळे हा विषय त्यांच्यासाठी नुसता कागदावरचा नव्हता. त्यांनी आधार घेतला १९५४ च्या ‘ब्राउन’ खटल्याचा. काळ्या मुलांना वेगळ्या शाळेत ठेवणं घटनाबाह्य ठरवणारा तोच निकाल. मुद्दा सरळ होता: राज्य सगळ्यांना फुकट शिक्षण देतं, तर मग याच मुलांना का नाही?

सरकारनं तडजोड केली. मुलांना शाळा मिळालीच. पण मला त्यातली दुसरी अट जास्त महत्त्वाची वाटते. यापुढे मुलावर शिक्का मारण्याआधी किंवा त्याचा वर्ग बदलण्याआधी पालकांना लेखी कळवायचं, आणि त्यांना पटलं नाही तर सुनावणी घ्यायची. ताईच्या पत्रकाचं मूळ इथं आहे.

१९७२ मध्ये राजधानी वॉशिंग्टनमध्ये ‘मिल्स’ खटल्याचा निकाल लागला. सात मुलं, सातही कृष्णवर्णीय. पीटर मिल्स बारा वर्षांचा होता. ‘वर्तन बरोबर नाही’ म्हणून त्याला चौथीतून काढलं होतं. शिक्षण मंडळाची सबब ओळखीचीच: पैसे नाहीत. न्यायमूर्ती जोसेफ वॉडी यांनी ती मानली नाही. पैसे कमी असतील तर झळ सगळ्यांना सारखी बसू दे, ती फक्त या मुलांच्या माथी मारता येणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ.

मग १९७५ चा कायदा. तेव्हा अमेरिकी संसदेनंच नोंदवलं की देशात ८० लाखांहून जास्त दिव्यांग मुलं आहेत आणि त्यातली १० लाख शाळेबाहेरच आहेत. २९ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी सही केली, पण कुरकुरत. झेपणार नाही इतकं आश्वासन यात आहे, असं त्यांचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर पैशांच्या बाबतीत ते चुकले नाहीत. केंद्र ४० टक्क्यांपर्यंत वाटा उचलेल असं ठरलं होतं, तो आकडा आजवर कधीच गाठला गेला नाही.

तरी कायद्यानं प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र आराखडा आणला. त्याला तिथं ‘आयईपी’ म्हणतात. तो ठरवताना पालक टेबलाशी बसणार. आणि नुसतं शिकवणं नाही, तर स्पीच थेरपी, समुपदेशन, शाळेत नेण्या-आणण्याची सोय, या सगळ्या सेवाही हक्कात आल्या.

पण हक्क म्हणजे नेमका किती? इथं ॲमी रोली येते. न्यूयॉर्क राज्यातली बहिरी मुलगी, आईवडीलही बहिरे. शाळा वाईट नव्हती, बरं का. काही कर्मचारी खुणांची भाषा शिकले, पालकांशी बोलता यावं म्हणून मुख्याध्यापकांच्या ऑफिसात टेलिटाइप यंत्र बसवलं. ॲमीला श्रवणयंत्र, रोज तासभर शिकवणी आणि स्पीच थेरपीही दिली. पालकांना मात्र वर्गात दुभाषी हवा होता. शाळा म्हणाली, ती पास होतेय की! १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ६ विरुद्ध ३ मतांनी शाळेची बाजू घेतली. मुलाला शिक्षणाचा काही फायदा होतोय ना, मग पुरे; त्याची पूर्ण क्षमता फुलवायला शाळा बांधील नाही. न्यायमूर्ती व्हाइट यांनी विरोधात लिहिलं की दुभाष्याविना तिला वर्गातलं निम्म्याहूनही कमी कळतं. मला तेच पटतं. हुशार मूल अर्ध्या माहितीवर पास होतं, यात शाळेचं काय कौतुक?

रोलींचे वकील मायकेल चॅटॉफ स्वतः बहिरे होते. न्यायमूर्तींचे प्रश्न त्यांनी संगणकाच्या पडद्यावर वाचून उत्तरं दिली. हरलेलं रोली कुटुंब पुढे न्यू जर्सीला राहायला गेलं. ॲमी मोठी होऊन खुणांच्या भाषेची प्राध्यापक झाली.

ती ‘काही फायदा’वाली पट्टी वर सरकायला २०१७ उजाडलं. ‘एंड्रू एफ.’ खटल्यात आठही न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की नावापुरती प्रगती चालणार नाही, मुलाच्या परिस्थितीला साजेशी हवी. आणि त्याआधी २००७ मध्ये ‘विंकलमन’ खटल्यात ठरलं होतं की या कायद्यातले हक्क पालकांचे स्वतःचेही आहेत, म्हणून वकील न लावता ते केंद्रीय कोर्टात उभे राहू शकतात. वकिलाची फी ज्यांना परवडत नाही, त्यांना विचारा याची किंमत.

आपल्याकडे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असं सांगितलंय. पण ती समिती अख्ख्या शाळेची. एकेका मुलाच्या आराखड्यासाठी आईला टेबलाशी बसवणं ही वेगळी गोष्ट आहे.

ताईला मी एवढंच सांगितलं: पत्रक बरोबर ने, आणि पटेपर्यंत सही करू नकोस. ती गेली. आठवड्यातून एकदा स्पीच थेरपी देऊ, असं शाळा म्हणाली. ताईनं विचारलं, एकदाच का? त्यावर पुढच्या मंगळवारी परत बसायचं ठरलंय.