सुताराचें मळसूत्र : बिघाड आणि त्याचें निदान

कोणतेंहि यंत्र बिघडलें म्हणजे जेथें बिघाड दिसतो तेथेंच तो आहे, असें आपण गृहीत धरतों. 'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' ही म्हण दुसऱ्याच्या मूर्खपणास हंसतांना आपल्याला सहज आठवते. पण घरांत, कचेरींत आणि विशेषतः कारखान्यांत आपण स्वतः पुष्कळदां तिच्याच मार्गानें जात असतों. नांदेड व लातूर या बाजूच्या लांकूडकामाच्या कारखान्यांत राऊटर लिफ्ट नांवाचें एक साधन अलीकडे दिसूं लागलें आहे. तें अडलें तर काय करावें, हा प्रश्न वरवर पाहतां मासिकाच्या वाचकांचा नव्हे. परंतु त्याचें मूळ शोधीत गेलें असतां मळसूत्र या लहानशा वस्तूचा दोन हजार वर्षांचा इतिहास उलगडतो. आणि त्या इतिहासापासून मिळणारा धडा आमच्या मराठवाड्याच्या एका मोठ्या दुःखासहि लागू पडतो. म्हणून वाचकांनीं थोडा वेळ आमच्याबरोबर सुताराच्या टेबलापाशीं यावें, अशी विनंति आहे.

प्रथम या साधनाची ओळख करून देणें अवश्य आहे. लांकडांत खाच पाडणें किंवा कडेस गलता काढणें हें काम पूर्वी सुतार पटाशीनें व निरनिराळ्या घडणीच्या रंध्यांनीं करी. प्रत्येक गलत्यास त्याचा वेगळा रंधा लागे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेंत आर. एल. कार्टर यांनीं विजेच्या मोटरीवर चालणारा, हातांत धरावयाचा राऊटर तयार केला, आणि १९२९ मध्यें तो धंदा स्टॅनले कंपनीकडे गेला. राऊटरचें कटर मिनिटास दहा हजारांपासून वीस-चोवीस हजारांपर्यंत फेरे घेतें. पुढें कारागिरांनीं हें यंत्र उलटें करून टेबलाखालीं टांगलें. त्यामुळें यंत्र स्थिर राहिलें आणि लांकूड त्यावरून सरकूं लागलें. मात्र कटर केसभर वर घ्यावयाचें तरी टेबलाखालीं वांकून चांचपडावें लागे. ही अडचण लिफ्टनें दूर केली. तींत मोटर धरणारी चौकट उभ्या दांड्यांवरून सरकते, आणि टेबलावरून हँडल फिरविलें कीं एक मळसूत्री दांडा तिला वर किंवा खालीं नेतो. सारांश, लिफ्टचा प्राण मळसूत्रांत आहे.

मळसूत्र हें मुळांत उतरणीचें रूप आहे. एखादी चढण खांबाभोवती गुंडाळावी, तसे त्याचे आटे असतात. इ. स. पूर्वीच्या तिसऱ्या शतकांतील आर्किमिडीज याचें नांव पाणी चढविणाऱ्या मळसूत्रास चिकटलें आहे; इ. स. च्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या हीरोनें मळसूत्राच्या दाबयंत्रांचें आणि चाकीच्या आंतील आटे पाडण्याच्या हत्याराचें वर्णन करून ठेविलें. तथापि त्यानंतर कित्येक शतकें आटे हातानेंच कापीत. त्यामुळें प्रत्येक चाकी आपापल्या दांड्यापुरतीच पतिव्रता असे. एक हरवली कीं दुसरी निरुपयोगी. इ. स. १८०० च्या सुमारास लंडनमध्यें हेन्री मॉडस्ले यानें अचूक आटे कापणारें चरकयंत्र सिद्ध केलें. त्याच्या कारखान्यांतील मळसूत्री मापकास कारागीर 'लॉर्ड चॅन्सेलर' म्हणत, कारण मापाच्या वादांत त्याचा निकाल अखेरचा असे. त्याच कारखान्यांत काम केलेल्या जोसेफ व्हिट्‌वर्थनें १८४१ मध्यें सर्व देशास एकाच मापाचे, ५५ अंशांच्या कोनाचे आटे सुचविले. तेव्हांपासून एका गांवची चाकी दुसऱ्या गांवच्या दांड्यास बसूं लागली, आणि 'दुरुस्ती' या शब्दास नवा अर्थ आला.

आमच्या भागांत कारखान्यांत घडलेलें लोखंडी मळसूत्र रोजच्या पाहण्यांत आलें तें मुख्यतः आगगाडीबरोबर. गोदावरीकांठची रेल्वे १९०० च्या सुमारास नांदेडास आली, आणि बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळ १९११ मध्यें लातुरास पोंचला. डबे जोडणारें मळसूत्र आणि चाक उचलणारा जॅक यांत व राऊटर लिफ्टींत तत्त्वतः कांहींहि फरक नाहीं. तिन्हींत थोड्या बळानें मोठा भार हलतो, आणि हात सोडला तरी भार जागीं राहतो. तो कां राहतो? आट्यांची चढण इतकी सौम्य असते कीं घर्षण भारास खालीं घसरूं देत नाहीं. हें एक वाक्य ध्यानांत ठेविलें, म्हणजे लिफ्टचे बहुतेक रोग आपोआप उलगडतात.

पहिली तक्रार अशी कीं हँडल जड फिरतें. कारागीर लागलीच तेलाची बुधली उचलतो. पण टेबलाखालीं भुश्याचा पाऊस चाललेला असतो. तेल किंवा ग्रीस त्या भुश्यास धरून ठेवतें, आणि चार दिवसांत आट्यांत चिकट लगदा होतो. म्हणजे औषधच रोगाचें कारण ठरतें. आधीं वीज तोडावी, ब्रशानें आटे व दांडे साफ करावे, आणि मग भुसा न धरणारें कोरडें वंगण किंवा थोडें मेण लावावें. तत्पूर्वीं कुलूप-स्क्रू सैल केला आहे कीं नाहीं हेंहि पाहावें. आवळलेल्या कुलपाशीं झगडून चाकीचे आटे खाल्ले गेल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत.

दुसरी तक्रार, ठेविलेली उंची राहत नाहीं. येथें वरचें वाक्य उपयोगी पडतें. भार घर्षणावर उभा आहे. मोटरीची थरथर घर्षण क्षणोक्षणीं सैल करते. म्हणून भार कणाकणानें उतरतो. उपाय कुलपाचा, मळसूत्राचा नव्हे. शिवाय दांडा व चाकी यांमध्यें थोडी ढील असतेच. तीमुळें हँडल उलट फिरवितांच पहिला अंश फुकट जातो. यासाठीं अखेरची उंची नेहमीं खालून वर येत गांठावी, म्हणजे भार आट्याच्या एकाच बाजूवर बसलेला राहतो.

तिसरी तक्रार मापाची. हिंदुस्थानानें १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक मापें स्वीकारलीं, पण बाहेरून येणाऱ्या कांहीं लिफ्टींचे आटे अजून इंचाचे असतात. एका इंचांत १६ आटे असतील तर एका फेऱ्यास कटर १.५८७५ मिलिमीटर चढतें; आट्यांचें अंतर २ मिलिमीटर असेल तर पुरतें २ मिलिमीटर. जो कारागीर एकीचा हिशेब दुसरीस लावतो त्याची खाच तीन फेऱ्यांत सव्वा मिलिमीटरानें चुकते, आणि बोल लिफ्टीस लागतो.

सर्वांत शिकण्यासारखी तक्रार चौथी. काम चालू असतां खाच हळूहळू खोल होत जाते. लिफ्ट उतरली असती तर खाच उथळ व्हावयास पाहिजे होती. ती खोल होते, त्या अर्थीं कटर वर येत आहे. तेव्हां टेबलापासून कटरचें टोंक आणि टेबलापासून मोटरीची चौकट, अशीं दोन अंतरें कामापूर्वीं व कामानंतर मोजावीं. चौकट जागची हलली नसेल आणि टोंक वर आलें असेल, तर लिफ्ट निर्दोष आहे. कटर धरणारी कोलेट झिजली आहे, तींत भुसा शिरला आहे, किंवा ती नीट आवळली गेलेली नाहीं. हा बिघाड गैरसोयीचाच नव्हे, धोक्याचाहि आहे. कारण त्या वेगानें फिरणारें कटर निसटलें तर बोटें वांचणें दैवाधीन. या एका उदाहरणांत निदानाचें सारें शास्त्र आहे: संशयिताच्या दोन्ही बाजूंस माप घ्यावें, आणि मगच न्याय द्यावा.

हें शास्त्र आमच्या सुतारास नवें नव्हतें. बैलगाडीच्या चाकावरील लोखंडी धाव उन्हाळ्यांत वाजूं लागली, तर जाणता सुतार लोखंडास हात लावण्यापूर्वीं लांकूड पाही. कारण मराठवाड्याच्या उन्हांत आटतें तें लांकूड, वाढत नाहीं ती धाव. चाक एक रात्र पाण्यांत ठेविलें कीं पुष्कळदां काम भागे. या शहाणपणास एक आर्थिक कारणहि होतें. सुतारास बलुतें मिळे तें वर्षाच्या सुगीवर, प्रत्येक दुरुस्तीवर नव्हे. औत पुनः पुन्हा मोडण्यांत त्याचा तोटा होता, एकदांच नीट बसविण्यांत त्याचा लाभ. बलुतेदारींतील जातींचें बंधन व तिच्यांतला अन्याय यांचें समर्थन आम्ही मुळींच करीत नाहीं. ती व्यवस्था गेली हें योग्यच झालें. परंतु तिच्याबरोबर दुरुस्तीची ही बुद्धीहि जावी, असा कांहीं नियम नव्हता. आज सुटा भाग विकणाऱ्यास बिघाडांत नफा आहे, आणि निदान करणाऱ्यास त्याच्या निदानाचे पैसे कोणी देत नाहीं.

निदान चुकल्याची किंमत नेहमींच फुकट गेलेल्या फळीएवढी लहान नसते. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला आणि सरकारी आंकड्यांप्रमाणें जवळजवळ आठ हजार माणसें दगावलीं. तीं बहुतेक दगड-मातीच्या धाब्याच्या घरांत निजलेलीं होतीं. 'दगडानें मारलें' हें लोकांचें पहिलें उद्गार होतें, आणि ज्यांचें घर कोसळलें त्यांस तसें म्हणण्याचा अधिकार होता. परंतु अभियंत्यांनीं पडक्या घरांची पाहणी केली तेव्हां एक गोष्ट दिसून आली. कित्येक घरांत भिंती ढांसळल्या होत्या आणि आंतील लांकडी खांब व तुळया उभ्या होत्या. छताचा भार मुळीं भिंतींवर नव्हताच. तो सुतारानें उभारलेल्या सांगाड्यावर होता. भिंती दोन-तीन फूट जाड होत्या खऱ्या, पण त्यांची आंतली बाजू व बाहेरली बाजू वेगळी, मध्यें चिखल आणि खडे; दोन्ही बाजूंस बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते. वर धाब्यावर वर्षानुवर्षें चढलेली माती. दोष दगडांत नव्हता, जोडांत होता. म्हणूनच राहिलेल्या घरांसाठीं सुचविलेले उपाय साधे होते: धाब्यावरील माती कमी करावी, भिंतींत आरपार सांधे घालावे, आणि खांब व तुळई यांच्या कोपऱ्यांत तिरपे आधार ठोकावे. यांतला शेवटचा उपाय सुताराच्याच हातचा.

लिफ्ट आणि किल्लारी यांची तुलना कोणास विषम वाटेल. एकींत लांकूड वायां जातें, दुसऱ्यांत गांवेंच्या गांवें गेलीं. पण दोन्हीकडे मनुष्याची बुद्धि एकाच वळणानें जाते: जें पडलें किंवा अडलें त्यास दोष, आणि जें त्यास धरून ठेवीत होतें त्याची विचारपूस नाहीं. मळसूत्र असो वा भिंत, वस्तूचा कस तिच्या सांध्यांत असतो.

नांदेड-लातुरांत आज जे तरुण औद्योगिक प्रशिक्षणाच्या वर्गांत सुतारकाम शिकतात, त्यांस यंत्र चालविणें लवकर येईल; तें कठीण नाहीं. त्यांस आधीं यंत्र थांबवून पाहावयास शिकवावें, असें आम्हांस वाटतें. कारखान्यांत एक साधी वही असावी. कोणत्या दिवशीं काय अडलें, काय मोजलें, काय केलें आणि गुण आला कीं नाहीं, हें तींत लिहावें. दोन वर्षांत ती वही कोणत्याहि कंपनीच्या पुस्तकाहून अधिक उपयोगी ठरेल, कारण तींत येथील भुसा, येथील ऊन आणि येथील हात असतील. व्हिट्‌वर्थनें आटे एका मापाचे केले, त्याचें फळ दुरुस्ती करणाऱ्याच्या पदरांत पडलें; तें फळ नवा भाग मागविण्याच्या सोयींत गमावणें हें आमच्या कारागिरीस शोभणारें नाहीं.