चांदीच्या भावाची तंबाखू आणि तिचे दोन स्वस्त पर्याय

१/
सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या बाजारात तंबाखू चांदीच्या भारोभार विकली जात असे. एका पारड्यात तंबाखू, दुसऱ्या पारड्यात शिलिंगची नाणी. पुढच्या अर्ध्या शतकात तीच तंबाखू सामान्य मजुराच्या चिलमीत येऊन पोहोचली. ती स्वस्त कशी झाली, आणि त्या स्वस्ताईचा भार कोणी वाहिला? #थ्रेड #इतिहास

२/
चरित्रलेखक जॉन ऑब्री याने विल्टशायरमधील वृद्ध शेतकऱ्यांची एक आठवण नोंदवून ठेवली आहे. बाजाराला जाताना ते आपल्याजवळची सर्वांत मोठी शिलिंगे निवडून घेत. नाणे जितके जड, तितकी तंबाखू अधिक. श्रीमंतांकडे चांदीची चिलीम असे. इतर लोक अक्रोडाच्या कवचात काडी खोचून काम भागवीत. एकच चिलीम मेजाभोवती हातोहात फिरे.

३/
त्या काळचे इंग्रज तंबाखू 'ओढत' नसत, 'पीत' असत. भाषेत तसाच प्रयोग रूढ होता. ग्रामीण मराठीत आजही विडी 'पितात', हे साम्य लक्षणीय आहे.

४/
या शौकिनांना हवे असे ते स्पॅनिश वसाहतींतील पान: त्रिनिदाद, व्हेनेझुएला आणि ओरिनोको नदीच्या परिसरातील. चवीला गोडसर, धुराला मऊ. परंतु ते शत्रूच्या ताब्यात होते. इंग्रज व डच व्यापारी ते चोरून विकत घेत. हा चोरटा व्यापार मोडण्यासाठी स्पेनने १६०६ मध्ये त्या किनाऱ्यावरील तंबाखूच्या लागवडीवरच दहा वर्षांची बंदी घातली.

५/
इंग्लंडचा राजा पहिला जेम्स स्वतः तंबाखूचा कट्टर द्वेष्टा होता. १६०४ मध्ये त्याने तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि त्याच वर्षी आयातकर २ पेन्सवरून एकदम ६ शिलिंग १० पेन्सवर नेला. हा कर एका रतलावर (वजनाचा पौंड, सुमारे ४५० ग्रॅम) होता. शेतमजुराची रोजची कमाई ८ पेन्सच्या आसपास धरली, तर नुसता कर म्हणजेच त्याची दहा दिवसांची मजुरी.

६/
याच सुमारास दख्खनमध्येही तंबाखू नवलाईची वस्तू होती. अकबराचा दूत असद बेग याने ती विजापुरात पाहिली आणि रत्नजडित चिलमीसह बादशहाला भेट दिली. अकबराच्या वैद्याने विरोध केला. दरबारातील उमरावांनी मात्र ती उचलून धरली. जहांगीराने १६१७ मध्ये तिच्यावर बंदी घातली, तीही फारशी चालली नाही. इंग्लंडातही असेच झाले: कर वाढला, तरी तलफ कमी झाली नाही.

७/
मग शोध सुरू झाला तो पर्यायाचा. १६०७ मध्ये इंग्रजांनी व्हर्जिनियात जेम्सटाउन ही वसाहत वसवली. तेथील मूळ रहिवासी तंबाखू पिकवीत होतेच. पण ती वेगळ्या जातीची होती. विल्यम स्ट्रॅची याने तिचे वर्णन हलक्या प्रतीची आणि झोंबरी असे केले. स्पॅनिश पानाची सवय लागलेल्या लंडनकराला ती रुचणे शक्य नव्हते.

८/
१६१० मध्ये जॉन रॉल्फ जेम्सटाउनला पोहोचला. १६१२ च्या सुमारास त्याने स्पॅनिश वसाहतींतील जातीचे बी व्हर्जिनियाच्या मातीत लावून पाहिले. वसाहतीचा सचिव राल्फ हेमर याने त्यामागची दोन कारणे दिली आहेत: वसाहतीला विकण्याजोगा माल हवा होता, आणि रॉल्फला स्वतःला तंबाखूची जुनी आवड होती. एका शौकिनानेच आपल्या आवडत्या पानाचा पर्याय शोधला.

९/
आरंभी हे पान स्पॅनिश पानाच्या तोडीचे नव्हते. तोडलेली पाने ढीग घालून ठेवली जात. त्यामुळे ती बरीच खराब होत. पुढे ती दोरीवर टांगून वाळवण्याची पद्धत आली आणि प्रत सुधारली. मात्र खरे बळ किमतीत होते. १६१९ मध्ये वसाहतीच्या सभेने उत्तम पानाचा दर रतलाला ३ शिलिंग आणि दुय्यम पानाचा १८ पेन्स ठरवला.

१०/
१६१७ मध्ये २०,००० रतल तंबाखू लंडनला गेली. पुढच्याच वर्षी हा आकडा ५०,००० च्या घरात पोहोचला. जेम्सटाउनच्या रस्त्यांवर आणि बाजाराच्या जागेतही लोकांनी तंबाखू लावली होती. त्याआधीच टॉमस डेल या अधिकाऱ्याला हुकूम काढावा लागला होता: आधी मका लावा, मग तंबाखू. काही वर्षांपूर्वीच उपासमारीने उजाड झालेली ही वसाहत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या हुकमाचे गांभीर्य कळते.

११/
दुसरा पर्याय मात्र इंग्लंडच्याच मातीत उगवला, आणि तो आज बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. १६१९ मध्ये जॉन स्ट्रॅटफर्ड या लंडनच्या व्यापाऱ्याने ग्लॉस्टरशायरमधील विंचकूम या गावाच्या परिसरात तंबाखूची लागवड केली. पीक उत्तम आले. अटलांटिकचा प्रवास नाही, जहाजाचे भाडे नाही, आयातकर नाही.

१२/
शिवाय हे पीक हातांना काम देणारे होते. रोपे लावणे, तण काढणे, शेंडा खुडणे, फुटवे काढणे, पाने तोडून वाळवणे: प्रत्येक टप्प्यावर माणसे लागत. त्या भागात भूमिहीन गरिबांची संख्या मोठी होती. त्यांच्यासाठी तंबाखू म्हणजे हंगामभराची हक्काची मजुरी होती. लहान शेतकऱ्यालाही थोड्या जमिनीत चांगला पैसा मिळे.

१३/
विंचकूमची लागवड जेमतेम एक हंगाम झाली आणि लंडनमध्ये सौदा ठरला. राजाला तंबाखूवर अधिक महसूल हवा होता. व्हर्जिनिया कंपनीने रतलाला १ शिलिंग देण्याचे मान्य केले. मोबदल्यात इंग्लंडमधील लागवड बंद व्हावी. ३० डिसेंबर १६१९ रोजी तसा जाहीरनामा निघाला. देशी पान कच्चे व आरोग्यास अपायकारक असल्याचे कारण त्यात होते. जो राजा पंधरा वर्षांपूर्वी तंबाखूमात्राला विष म्हणत होता, त्याला आता केवळ करमुक्त तंबाखूच अधिक विषारी वाटू लागली.

१४/
१६२४ मध्ये स्पॅनिश पानाच्या आयातीवरही बंदी आली. फक्त व्हर्जिनिया आणि बर्म्युडा यांच्या पानाला दार उघडे राहिले. पुढे राजाचा शिरच्छेद झाला, प्रजासत्ताक आले. पण १६५२ मध्ये त्या संसदेनेही देशी तंबाखूवर बंदी घातली. १६६० मध्ये राजेशाही परतली आणि तिनेही तोच कायदा पुन्हा केला. सत्ताधारी बदलले, जकातीचे गणित तेच राहिले.

१५/
विंचकूमच्या लोकांनी मात्र हार मानली नाही. दरवर्षी ते लावणी करीत आणि सरकार पीक उपटायला माणसे पाठवी. १६५८ मध्ये उभे पीक नष्ट करायला आलेल्या घोडदळाच्या तुकडीसमोर शेकडो सशस्त्र लोक उभे ठाकले आणि तुकडीला माघार घ्यावी लागली. सप्टेंबर १६६७ मध्ये सॅम्युअल पेपिस आपल्या रोजनिशीत लिहितो की राजाचे अंगरक्षक दल विंचकूमची तंबाखू नासवण्यासाठी धाडले होते. बंदीला तेव्हा ४७ वर्षे होऊन गेली होती. हा झगडा १६९० च्या सुमारास संपला.

१६/
जिंकलेला पर्याय तरी कोणाला स्वस्त पडला? १६३० च्या सुमारास व्हर्जिनियात एका रतलाला जेमतेम एक पेनी मिळू लागला. इतक्या कमी दरात मळे चालवायचे, तर मजुरी जवळजवळ फुकट हवी. प्रथम ती इंग्लंडच्या गरिबांकडून घेतली गेली: प्रवासखर्चाच्या बदल्यात चार ते सात वर्षांची करारबद्ध चाकरी.

१७/
ऑगस्ट १६१९ मध्ये, विंचकूमच्या शेतात पहिले पीक उभे असतानाच, विसाहून थोड्या अधिक आफ्रिकी बंदिवानांना घेऊन एक जहाज व्हर्जिनियाच्या किनाऱ्याला लागले. अन्नाच्या बदल्यात त्यांना विकण्यात आले. १६६२ च्या व्हर्जिनियाच्या कायद्याने मुलाचा दर्जा आईच्या दर्जावरून ठरवला; गुलाम स्त्रीचे मूल जन्मतःच गुलाम ठरले.

१८/
तंबाखू जमिनीचा कसही झपाट्याने शोषते. तीन-चार पिकांनंतर मळेवाल्यांना नवी जमीन लागे, आणि ती पाउहाटन लोकांची असे. २२ मार्च १६२२ रोजी त्यांनी वसाहतींवर हल्ला केला, त्यात ३४७ इंग्रज मारले गेले. त्यानंतरची प्रदीर्घ युद्धे, मूळ रहिवाशांचे विस्थापन, हे सारे त्या पेनीच्या हिशोबात कधी धरले गेले नाही.

१९/
शतक संपता संपता इंग्लंडमध्ये दरवर्षी तीन कोटी रतलांहून अधिक तंबाखू उतरत होती. तिच्यावरील जकात हे सरकारी तिजोरीचे मोठे साधन बनले होते. विंचकूमचे पान चवीत कमी पडले म्हणून हरले, असे म्हणता येत नाही. ग्राहक होते म्हणूनच तर ते सत्तर वर्षे टिकले. त्याचा दोष एकच होता: ते बंदरातून येत नव्हते, म्हणून त्यावर जकात बसत नव्हती.

२०/
या साऱ्याचा सर्वांत बोलका पुरावा मातीत सापडतो. १६०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये बनणाऱ्या पांढऱ्या मातीच्या चिलमींची वाटी इतकी लहान असे की तिच्यात बोटाचे टोकही कष्टाने मावे. तंबाखू स्वस्त होत गेली तशी वाटी मोठी होत गेली. उत्खननात अशी चिलीम मिळाली की पुरातत्त्वज्ञ वाटीच्या आकारावरून तिचा काळ ठरवतात. एखाद्या संग्रहालयात अशा चिलमी ओळीने मांडलेल्या दिसल्या, तर त्या वाढत्या वाट्यांकडे जरूर पाहावे. तंबाखूचा उतरता भाव तेथे स्पष्ट दिसतो. तो ज्यांच्या कष्टांवर उतरला, त्यांची नावे मात्र कोणत्याच चिलमीवर नाहीत.