अँड्र्यूने उघडी पाडलेली छपरे

फ्लोरिडात हरिकेनचा हंगाम १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. वादळाची बातमी आली की लोक प्लायवूड आणायला धावतात, खिडक्या ठोकून बंद करतात, पिण्याचे पाणी भरून ठेवतात. टीव्हीवर दरवर्षी हेच दिसते, त्यामुळे तयारी म्हणजे ही धावपळ, असे आपण धरून चालतो. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतला फ्लोरिडाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. घर टिकणार की नाही हे ते बांधले जाते तेव्हाच बरेचसे ठरते आणि भरपाई किती मिळणार हे पॉलिसी घेतानाच. ऐन वादळाच्या आठवड्यात घरमालकाच्या हातात फार थोडे उरते.

२४ ऑगस्ट १९९२च्या पहाटे ‘अँड्र्यू’ हे हरिकेन मायामीच्या दक्षिणेला, होमस्टेडजवळ किनाऱ्यावर धडकले. पंचवीस हजारांवर घरे जमीनदोस्त झाली, आणखी लाखभर घरांची मोडतोड झाली. विमा कंपन्यांवर सुमारे १५ अब्ज डॉलरचे दावे आले आणि त्यांतल्या किमान अकरा कंपन्या दिवाळखोरीत गेल्या. खरे तर या भागाची बांधकाम नियमावली १९५७पासूनची आणि देशातल्या कडक नियमावल्यांपैकी एक समजली जाणारी. तरीही वसाहतीच्या वसाहती आडव्या झाल्या, त्याचे एक मोठे कारण पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना छपरांत सापडले. तिथल्या घरांत छपराच्या लाकडी सांगाड्यावर तक्ते ठोकतात आणि त्यांवर शिंगल्स किंवा कौले बसवतात. अनेक घरांत हे तक्ते खिळ्यांऐवजी हवेच्या दाबावरच्या यंत्राने स्टेपल मारून बसवलेले होते. हातोडीने खिळा ठोकताना तो खालच्या लाकडात शिरला की पोकळीत गेला, हे हाताला कळते. यंत्राने भराभर स्टेपल मारताना ते कळत नाही. कित्येक स्टेपल लाकडाला न लागता शेजारून हवेत लोंबकळत राहिले होते. वाऱ्याने असे तक्ते सहज उचलले आणि उघड्या पडलेल्या घरात पाऊस कोसळला. छताचे जिप्सम बोर्ड भिजून खाली आले, गाद्या, कपाटे, कागदपत्रे कुजली. चुकलेल्या स्टेपलच्या एका रांगेपायी घरातली प्रत्येक वस्तू दाव्याच्या यादीत गेली.

यावर कुणी म्हणेल, वाराच असा होता की त्यापुढे कोणतेच घर टिकले नसते. अँड्र्यू भीषण होते यात शंका नाही. २००२मध्ये शास्त्रज्ञांनी फेरतपासणी करून त्याला पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत टाकले. पण ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेने त्याच भागात अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी स्वयंसेवकांकडून बांधून घेतलेली साधी घरे या वादळातून बऱ्यापैकी सुखरूप निघाली. मजबुती फक्त श्रीमंतांना परवडते, या आक्षेपाचेही उत्तर त्यातच आहे. पुढे मायामी-डेड या तिथल्या काउंटीने खिडक्या आणि शटर्सवर सुमारे चार किलोचा लाकडी वासा तोफेतून सोडून चाचणी घेणे सक्तीचे केले आणि २००२मध्ये संपूर्ण राज्याला एकच नियमावली लागू झाली. दोनच वर्षांनी ‘चार्ली’ हे हरिकेन आले, तेव्हा नव्या नियमांची घरे जुन्यांपेक्षा स्पष्टपणे कमी मोडली.

विम्याचा हिशेबही अँड्र्यूने मोडीत काढला. तोवर हप्ते मुख्यतः मागच्या काही दशकांच्या दाव्यांवरून ठरत. ती दशके तुलनेने शांत गेली होती आणि दरम्यान किनाऱ्यावर वस्ती वाढत राहिली होती. १९९३मध्ये राज्याने कंपन्यांना आधार देणारा आपत्ती निधी उभारला. कंपन्यांनी मात्र हरिकेनसाठी वेगळी वजावट सुरू केली, ठरावीक रकमेऐवजी टक्क्यांत. तीन लाख डॉलरच्या विम्यावर दोन टक्के वजावट म्हणजे पहिले सहा हजार घरमालकाचे. दुसरी अडचण पुराची. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर येत नाही; १९६८पासून त्यासाठी केंद्र सरकारची वेगळी योजना आहे. २००५मध्ये ‘कॅटरिना’ या हरिकेननंतर मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर कित्येक घरांचा नुसता चौथरा उरला होता, आणि घर आधी वाऱ्याने नेले की लाटेने, यावर खटले चालले. भिंतीच नाहीत तिथे पंचनामा तरी कशाचा करणार? ज्याच्याकडे दोन्ही पॉलिसी आणि घराचे आधीचे फोटो होते, त्याची बाजू निदान मांडता येत होती. आणि पुराची पॉलिसी सामान्यतः तीस दिवसांनी लागू होते, तेव्हा वादळ नकाशावर दिसू लागल्यावर ती घेऊन उपयोग नसतो.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. घरे मजबूत झाली, तरी फ्लोरिडातले हप्ते चढतच गेले. खटल्यांचा खर्च, पुनर्विम्याचे दर आणि किनाऱ्यावरच्या वाढत्या बांधकामांचे मोल ही कारणे त्यामागे आहेत, पण जुनी घरे हे मला त्यांतले सर्वांत दुर्लक्षित कारण वाटते. २००२च्या आधी बांधलेल्या घरांना नवी नियमावली आपोआप लागू होत नाही आणि अशी घरे फ्लोरिडात लाखोंनी आहेत. छपराचे तक्ते पुन्हा खिळ्यांनी पक्के करणे, सांगाडा लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला जखडणे ही कामे जुन्या घरातही करता येतात. मोफत तपासणी आणि अनुदान देणारी राज्याची योजना २००६मध्ये सुरू झाली, काही वर्षांत बंद पडली आणि २०२२मध्ये पुन्हा उभी करावी लागली. ती मधली वर्षे वाया गेली आणि त्यांची किंमत जुन्या घरांत राहणारे लोक आजही हप्त्यांतून मोजत आहेत.