उचलता पूल आणि लहानसा खडक

आदिलाबाद जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या पैनगंगेत जहाजे चालत नाहीत; तेव्हा तेथे पूल उचलण्याचा प्रसंगच येत नाही. रामेश्वराजवळचा १९१४ सालचा पांबन पूल मात्र आपली दोन पाती वर करून गलबतांना वाट देत असे. अमेरिकेतील लिटल रॉक नगरीत आर्कान्सा नदीवर निराळी युक्ती योजली गेली. तेथील १८८४ सालच्या रेल्वेपुलाला १९७० मध्ये उचलता गाळा बसविण्यात आला. दोन मनोऱ्यांमधला हा अवजड गाळा पोलादी दोरांनी सरळ वर चढे. दोरांच्या दुसऱ्या टोकांना जवळजवळ तितकेच वजन टांगलेले असल्याने यंत्राला फारसे श्रम पडत नसत. विहिरीवरील मोटेपेक्षा तराजूशीच त्याचे नाते अधिक.

पुढे रुळांवरची वर्दळ संपली, तरी पूल मोडीत निघाला नाही. गाळा वरच कायम करून त्याला जिने व उद्वाहक जोडण्यात आले, आणि १७ मे २००८ रोजी तो पादचाऱ्यांना खुला झाला. आता नदीकाठची पायवाट त्यावरून जाते.

ज्या खडकावरून नगरीला नाव मिळाले, त्याचा मोठा भाग १८७२ मध्ये एका रेल्वेपुलाच्या पायासाठीच फोडण्यात आला होता. उरलेला खडक या पुलाच्या दक्षिण टोकाशी आहे. तो पाहावयास लोक पुलावरून पायीच येतात.