डंडीचा उपवास आणि त्याची न सांगितलेली बाजू

उपवास आपल्यापैकी कोणालाच नवा नाही. परंतु आपली एकादशी दुसऱ्या दिवशीच्या पारण्याने सुटते. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण खरी मानली, तर तीत उपासमार अशी नाहीच! आज बोलावयाचे आहे ते वजन उतरविण्यासाठी आठवडेच्या आठवडे केलेल्या निराहार उपवासाविषयी.

१९६०च्या सुमारास अमेरिकेत व ब्रिटनमध्ये काही डॉक्टरांनी ही चिकित्सा सुरू केली. अंगात चरबीचे कोठार भरलेले असताना बाहेरून अन्न कशाला, असा त्यांचा युक्तिवाद. जून १९६५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे अँगस बार्बिएरी या तरुणाने असा उपवास आरंभिला. तो ३८२ दिवस चालला. वजन ४५६ पौंडांवरून १८० पौंडांवर आले. ही गोष्ट लोक कौतुकाने सांगतात. पण त्याला नित्य जीवनसत्त्वे दिली जात, बरेच महिने यीस्टही दिले, मध्यंतरी पोटॅशियम द्यावे लागले आणि रक्त वरचेवर तपासले जाई, हे सांगावयाचे राहून जाते.

ते का आवश्यक होते? जावा बेटात १८९०च्या दशकात आइकमन यांना दिसले, की कोंडा काढलेला भात पोटभर खाणाऱ्या कोंबड्यांचेही पाय लुळे पडतात. कोंड्यातील जो अंश नाहीसा झाला होता, तोच पुढे ‘ब-१’ जीवनसत्त्व म्हणून ओळखला गेला. चरबी महिनोन् महिने पुरते. ब-१चा साठा मात्र दोन-तीन आठवड्यांत संपू लागतो. कोठार भरलेले, पण चूल पेटवायला काडी नाही, अशी ती अवस्था! मग दृष्टी दुहेरी होते, तोल जातो, बुद्धी भ्रमते. व्हेर्निके यांनी १८८१ मध्ये वर्णिलेला हाच विकार. स्थूलतेसाठी उपवास करणाऱ्या रुग्णातही तो झाल्याचे ड्रेनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये नोंदविले.

अशा रुग्णाला प्रथम साखर दिली, तर ती पचविण्यात उरलेसुरले ब-१ही खर्ची पडते. म्हणून डॉक्टर साखरेआधी किंवा निदान तिच्याबरोबर ब-१ टोचतात. घरच्या माणसाने मायेने पुढे केलेला सरबताचा पेला येथे घातक ठरू शकतो.

नुसत्या गोळ्यांनी सारे निभावते असेही नाही. रुग्णालयात देखरेखीखाली असताना काही रुग्ण दगावले आणि ही चिकित्सा मागे पडली. तेव्हा डंडीच्या तरुणाचा दाखला देऊन कोणी घरी महिनाभर निराहार राहू म्हणेल, तर त्याला गोष्टीची ही दुसरी बाजूही सांगावी.