फी माफ झाली, खर्च कुणी सोसला?

दलितांच्या उच्च शिक्षणाचा इतिहास आपल्याकडे बहुधा दोन प्रकारे सांगितला जातो. एक दात्यांचा इतिहास: अमुक महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, तमुक सरकारने सवलत दिली. दुसरा जिद्दीचा इतिहास: रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला, उपाशी राहिला, पण पदवी घेतली. जयंतीच्या भाषणांतून आपण हे दोन्ही पुष्कळ ऐकले आहेत. त्यांत खोटे काही नाही. पण या दोहोंच्या मागे एक तिसरा इतिहास आहे, तो हिशेबाच्या वहीचा. एक मूल महाविद्यालयात पाठवायला घराला पैसा किती लागला, तो कोणत्या महिन्यात लागला, कुठून आला आणि त्यासाठी घरातले कोण काय गमावून बसले, ही ती वही. ती आपण क्वचितच उघडतो. ती उघडली तर एक गोष्ट ठळक दिसते. आपल्या घरांना फीने जितके अडवले, त्याहून अधिक पोटाने, खोलीने आणि तारखेने अडवले.

बाबासाहेबांपासूनच सुरुवात करू, कारण त्यांच्या घरचा हिशेब बऱ्यापैकी ठाऊक आहे. रामजी सुभेदार पेन्शनर. मुलाला पुस्तक हवे असले आणि खिशात पैसा नसला की ते लग्न झालेल्या मुलींकडे जात. रोकड मिळाली तर ठीक, नाहीतर मुलीचा दागिना घेऊन मारवाड्याकडे गहाण टाकीत आणि पेन्शन आले की सोडवून परत करीत. थोरले आनंदराव नोकरीला लागले म्हणून धाकट्याची शाळा चालू राहिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. इंटरनंतर पुढे शिकवणे घराच्या आवाक्याबाहेर गेले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी मध्यस्थी केली आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा २५ रुपये सुरू केले. १९१३ च्या फेब्रुवारीत रामजी गेले. त्याच वर्षी जूनमध्ये बडोदे संस्थानाशी करार झाला: अमेरिकेत तीन वर्षे शिक्षण, दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. तेव्हाच्या पंधरा रुपयांना एक पौंड या भावाने ही रक्कम महिना पावणेदोनशे रुपयांच्या आसपास जाते. बडोद्याच्या नोकरीत पुढे काय झाले, ते साऱ्यांना माहीत आहे.

दुसऱ्या खेपेचा, १९२० सालचा, लंडनचा हिशेब निराळा आहे. सिडनहॅम कॉलेजातल्या साडेचारशे रुपये पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, एवढ्या शिदोरीवर ते बोटीत बसले. मागे रमाई. तिने काय सोसले याची नोंद कोणत्या कोषागारात नाही.

पेन्शन, मुलींचे दागिने, भावाची मजुरी, शर्तीची शिष्यवृत्ती, मित्राचे कर्ज आणि बायकोचे पोट. महाविद्यालयाचा खर्च भागवण्याच्या या वाटा शंभर वर्षांपूर्वीच्या आहेत. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकवतो. प्रवेशाच्या दिवसांत विद्यार्थ्यांना घरची व्यवस्था विचारतो, तेव्हा यादी जवळजवळ हीच निघते. महाराजांच्या जागी समाजकल्याण खाते आले आणि मारवाड्याच्या जागी बचत गट, मायक्रोफायनान्स किंवा ऊसतोडीच्या मुकादमाची उचल आली, एवढाच फरक. उचलीवर पोराची खोली घेतली जाते आणि ती फेडायला आई-बाप सहा महिने कारखान्याच्या फडात असतात. दहावीनंतर घरी बसवलेल्या बहिणीचा आकडा तर कोणत्याच रकान्यात येत नाही.

आपल्या पूर्वसूरींना हे कळत नव्हते असे नाही. उलट आजच्या योजनाकारांपेक्षा त्यांना ते अधिक कळत होते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहे उभी केली. अस्पृश्यांसाठीचे मिस क्लार्क वसतिगृह १९०८ चे. खेड्यातला महाराचा पोर शहरात आला तर त्याला खोली कोण देणार आणि खाणावळीत पंगतीला कोण बसवणार? नुसती फी माफ करून त्याचे काय होणार होते? कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले, ते मुलांच्या फीसाठी नव्हे, जेवणासाठी. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिने पहिल्यांदा हाती घेतलेल्या कामांपैकी एक म्हणजे सोलापूरचे वसतिगृह. ते १९२५ च्या जानेवारीत सुरू झाले.

मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बाबासाहेबांनी भाषण केले. त्यातला एक हिशेब प्रसिद्ध आहे: सरकार दरडोई शिक्षणावर चौदा आणे खर्चते आणि दारूच्या उत्पन्नातून दरडोई दोन रुपयांहून अधिक उकळते. शिक्षण हा देवाणघेवाणीचा धंदा नाही, ते शक्य तितके स्वस्त हवे, हेही त्यांनी बजावले. पण त्याच भाषणातला दुसरा मुद्दा आपण फारसा उचलत नाही. अस्पृश्य मुलांना सुट्या शिष्यवृत्त्या वाटण्यापेक्षा तोच पैसा वसतिगृहांवर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. कारण शिष्यवृत्तीची रक्कम गरीब पालकाच्या हाती पडली की ती घरखर्चाची भर ठरते आणि मूल होते त्याच परिस्थितीत राहते. हे वाचताना आपल्यापैकी काहींना अवघडल्यासारखे होते. आपल्याच पालकांवर ठपका ठेवला काय, असे वाटते. मला तसे वाटत नाही. उपाशी घरात आलेला पैसा आधी चुलीकडे जातो. यात दोष घराचा नाही, पैसा ज्या रूपात दिला त्या रूपाचा आहे. जेवण आणि निवारा थेट दिला तर तो गहाण टाकता येत नाही.

असे असूनही बाबासाहेबांनी शिष्यवृत्तीचा मार्ग सोडला नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर २९ ऑक्टोबर १९४२ ला त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन लिनलिथगोंना दिले. अलीगढ आणि बनारस या दोन विद्यापीठांना सरकार प्रत्येकी तीन लाख देते, मग अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणाला का नाही, असा त्यांचा सवाल होता. त्यातून वर्षाला तीन लाखांची तरतूद झाली आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. काही विद्यार्थी परदेशीही गेले. आज कोट्यवधींत मोजली जाणारी भारत सरकारची शिष्यवृत्ती हे त्याच रोपट्याचे झाड. स्वातंत्र्यानंतर कुणी उदार होऊन ती दिली असा समज नव्या पिढीत दिसतो, म्हणून तारीख सांगितली.

पण तिच्या जोडीला त्यांनी जे उभे केले, ते अधिक महत्त्वाचे. ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तिथले वर्ग सकाळी भरत. कारण सरळ होते: पोरगा साडेदहाला कचेरीत हजर झाला पाहिजे. एका वेळापत्रकाने शेकडो घरांचा प्रश्न सुटला. मुलाची कमाई चालू राहिली आणि पदवीही मिळाली. १९५० साली औरंगाबादेत नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय निघाले, ते वसतिगृहासह. निजामी मराठवाड्यातल्या खेड्यांतून जी पहिली पिढी पदवीला पोचली, ती या वसतिगृहाच्या भाकरीवर. दलित साहित्याची चळवळ याच परिसरात वाढली आणि मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात १९७२ नंतर पँथरच्या बैठका रंगल्या, हा योगायोग नव्हता. चार पोरे एका छताखाली जेवू-झोपू लागली की वाचतात, भांडतात, लिहितात.

मग ओघ कुठे अडला? १९५६ च्या धर्मांतरानंतर केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना जागा उरली नाही. ती १९९० साली मिळाली. मधली चौतीस वर्षे महाराष्ट्रातल्या नवबौद्ध विद्यार्थ्याची भिस्त राज्याच्या सवलतींवर होती. दुसरी घटना १९८३ ची. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तोवर फी हा अडथळा दुय्यम होता. आता तो पर्वत झाला. १९८७ साली देणगीबंदीचा कायदा करावा लागला, यातच काय ते आले. बँकांचे शैक्षणिक कर्ज २००१ पासून पसरले, पण साडेसात लाखांच्या पुढे तारण मागणाऱ्या त्या योजनेत, ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, तो काय तारण ठेवणार?

आणि निर्वाहभत्ता? २०१० च्या दराने सर्वांत खालच्या गटातल्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, वसतिगृहवासी विद्यार्थ्याला महिना ३८० रुपये होते. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचे धरले तर ३,८०० रुपये. २०२१ च्या सुधारणेत त्याच गटाला वर्षाला ४,००० रुपये ठरले. अकरा वर्षांत वाढ दोनशेची. घरून ये-जा करणाऱ्याला २,५०० रुपये, म्हणजे रोज सात रुपयेही नाहीत. सर्वांत वरच्या गटाच्या वसतिगृहवासी विद्यार्थ्याला १३,५००. २०१३ पासून पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांवर आणली आहे. मार्च महिन्यात एसटीचा एखादा चालक ओव्हरटाइम नाकारतो, त्याचे कारण तिकीटघरात नसते, तहसीलदाराच्या दाखल्यात असते.

त्याच सुधारणेने केंद्राचा साठ टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात टाकायचे ठरवले. मधले दलाल गेले, हे चांगले झाले. पण खात्यात आलेल्या रकमेत महाविद्यालयाची फीही असते. ती घरी येते त्या वेळी घर उधारीत बुडालेले असते. पैसा चुलीकडे, दवाखान्याकडे जातो आणि संस्था गुणपत्रिका अडवून बसते. १९२७ चे भाषण आठवावे ते इथे. भरीला पैसा येतो तो वर्ष सरल्यावर. हैदराबाद विद्यापीठातला रोहित वेमुला जानेवारी २०१६ मध्ये गेला, तेव्हा त्याची सात महिन्यांची पावणेदोन लाखांची छात्रवृत्ती थकलेली होती. मंजूर झालेला पैसा आणि हातात आलेला पैसा यांतले अंतर कोणत्याही शासकीय अहवालात खर्च म्हणून धरलेले नसते. त्याचे व्याज घर भरते.

२०१६-१७ पासूनची स्वाधार योजना ही या इतिहासात योग्य दिशेने पडलेले पाऊल आहे, हे मान्य केले पाहिजे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याला निवास-भोजनासाठी मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० आणि इतरत्र ५१,००० किंवा ४३,००० रुपये, असा तिचा मूळ आकार. पोट आणि खोली हाच खर्च आहे, हे सरकारने निदान कागदावर मानले. मात्र वसतिगृह बांधण्याऐवजी पैसे देण्याचा हा मार्ग आहे आणि तेही हप्त्यांनी. घरमालक हप्त्यांची वाट पाहत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी मार्गदर्शन मेळावा जूनमध्ये घेऊन भागणार नाही. मूल अकरावीत असतानाच पालकांसोबत बसून कागदावर मांडणी करायला हवी: कोणता अभ्यासक्रम, किती वर्षे, गाव की शहर, आणि पहिल्या चार महिन्यांचा पैसा कुठला. जातीचा दाखला, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेले खाते ही कामे बारावीच्या परीक्षेपूर्वी उरकली तर एक वर्ष वाचते. वैधतेअभावी हातातली जागा गेलेली मुले मी पाहिली आहेत. आणि आई-बाप फडात असतील तर दाखल्यासाठी त्यांना बोलावणे म्हणजे दोघांची मजुरी बुडवणे, तेव्हा ही कामे तोड सुरू होण्यापूर्वी, दसऱ्याच्या आत करावीत.

उरतो जून ते शिष्यवृत्ती येईपर्यंतचा काळ. जयंतीच्या खर्चावर तोंडसुख घेणे सोपे आहे, मी त्या वाटेला जात नाही. तालुक्यात आपले शंभर नोकरदार सहज निघतात. प्रत्येकी महिना अडीचशे रुपये धरले तर वर्षाचे तीन लाख होतात. त्यातून वीस मुलांना पंधरा-पंधरा हजार, बिनव्याजी, जूनमध्ये हातात देता येतात. शिष्यवृत्ती आली की परत. वही दोघांच्या सहीने चालावी, एक सही बाईची असावी. परतफेड उशिरा येणार हे गृहीत धरावे आणि दुसऱ्या वर्षी जूनला निम्मीच रक्कम जुन्या विद्यार्थ्यांकडून आलेली असेल अशा बेतानेच नवी नावे घ्यावीत.