जहाजातून आलेली घोडागाडी आणि खानदेशची वाट

१/ आज बोटीवर मोटार चढवून परदेशी जायचे, तर माणूस आधी भाडे पाहतो. सतराव्या शतकात सुरतेला उतरणाऱ्या प्रवाशाची खरी चिंता मात्र बंदर ओलांडल्यावर सुरू होई. बऱ्हाणपूरकडे जाणारी ती वाट आजच्या नंदुरबार, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतून जात असे.

२/ सप्टेंबर १६१५. इंग्लंडच्या पहिल्या जेम्सचा वकील सर थॉमस रो सुरतेला पोहोचला. जहांगीर बादशहासाठी आणलेल्या नजराण्यात एक इंग्लिश घोडागाडी होती. ती हाकणारा गाडीवानही विलायतेहून सोबत आला होता.

३/ दरबार अजमेरला होता. पण रोने आधी बऱ्हाणपूर गाठायचे ठरवले. दख्खनच्या मोहिमेवरचा शाहजादा परवेझ तेथे होता आणि इंग्रजांना त्या शहरात वखारीची परवानगी हवी होती.

४/ तो निघाला ३० ऑक्टोबरला. ऋतू अनुकूल होता. पावसाळ्यात खानदेशच्या काळ्या मातीत चाके रुततात आणि तापी दुथडी वाहते. नदीचा उतार सापडेपर्यंत भरल्या गाड्यांना थांबण्यावाचून गत्यंतर नसे.

५/ मुक्काम पाहा : नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर. शिंदखेडा तापीच्या दक्षिणेस, तर थाळनेर उत्तर तीरावर. म्हणजे या दोन मुक्कामांमध्ये तापी ओलांडावी लागे. फारुकी घराण्याने आपले पहिले ठाणे थाळनेरला का केले, हे येथे ध्यानात येते. तेथील किल्ल्याच्या नजरेत नदी होती.

६/ चोपड्याला रोने गावाबाहेर तंबू ठोकले. डोंगरातील लुटारूंच्या भयाने बादशाही अंमलदार तीस स्वार आणि वीस बंदूकधारी घेऊन पहाऱ्यास आला. वकिलाला हे संरक्षण आपसूक मिळाले. सामान्य व्यापाऱ्याला ते परवडणारे नव्हते. तो काफिल्यात सामील होई, म्हणजे पहाऱ्याचा खर्च वाटला जाई.

७/ काफिल्यालाही वेळ पाळावी लागे. तांबड्या समुद्राकडे जाणारी जहाजे वसंताच्या सुमारास सुरत सोडत आणि नैर्ऋत्य वाऱ्यांवर परत येत. मालाच्या गाड्या उशिरा पोहोचल्या, तर पुढच्या हंगामापर्यंत माल पडून राही.

८/ रो १४ नोव्हेंबरला बऱ्हाणपुरास पोहोचला. पंधरा वर्षांनी, नोव्हेंबर १६३० मध्ये, पीटर मंडी हा इंग्रज याच वाटेने निघाला. तेव्हा भीषण दुष्काळ पडला होता. नंदुरबारला प्रेतांमुळे तंबूपुरती जागा मिळणे कठीण झाले होते. वाट तीच, महिनाही तोच. पण काठावरच्या गावांत अन्न नव्हते. प्रवाशाचे सारे नियोजन अखेर या गावांच्या धान्यावर आणि वैरणीवर उभे होते.

९/ घोडागाडीचे काय झाले? जानेवारी १६१६ मध्ये अजमेरला ती बादशहाला नजर झाली. त्याने आतले अस्तर उतरवून भारी कापड लावले, पितळी खिळ्यांच्या जागी चांदीचे ठोकवले आणि तिच्यावरून तशीच दुसरी गाडी करवून घेतली.

१०/ १९०० पर्यंत तापी खोऱ्यातून सुरत ते अमळनेर रेल्वे झाली आणि बैलगाडीचे मुक्काम मागे पडले. आज त्या मार्गाने काही तासांत सुरत गाठता येते. घोडागाडीचे नाव इतिहासात राहिले; तिच्या काळात काफिल्यांना दाणा-वैरण पुरवणाऱ्या गावांची नोंद मात्र प्रवाशांच्या रोजनिशीत एखाद्या ओळीपुरतीच उरली.